ब्लॉग बाजूला ठेवून कथा-कादंबरी लिहायला बसायचंय? मग आधी हे सगळं लावून घ्या

"वेळच मिळत नाही हो" असं बहुतेक ब्लॉगवाले म्हणतात, म्हणजे आठवड्याला एक पोस्ट, तिचे फोटो, कमेंटना उत्तरं, यात कथा लिहायची कधी. खरंय ते, पण अर्धंच. वेळ काय, रजा टाकून काढता येतो. ब्लॉग खातो तो कच्चा माल. मामाच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीतच सुरू झालेली वाटणीची चर्चा किंवा शेअर रिक्षात ऐकलेलं नवरा-बायकोचं भांडण, हे डोक्यात दोन-तीन वर्षं पडून राहिलं असतं तर त्याची कथा झाली असती. तुम्ही ते रविवारी सकाळी ८०० शब्दांत लिहून टाकता, शेवटी एक छानसा विचार जोडता, लोक "अगदी खरंय" म्हणतात आणि तो विषय तुमच्यापुरता संपतो. शिवाय ब्लॉगमुळे सगळं समजावून सांगायची सवय लागते आणि कथेत ती फार नडते. त्यामुळे ब्लॉग कमी करायचा म्हणजे नुसती कॅलेंडरमध्ये जागा करायची असं नाही, पुढे सांगतोय ती बरीचशी कामं सवयी मोडायची आहेत. सुरुवातीची थोडी कटकटीची आहेत, ती एका शनिवार-रविवारात उरकून टाका.

थांबायचं म्हणजे किती थांबायचं ते ठरवा

तीन प्रकार असतात. एक, पूर्ण बंद. दोन, महिन्याला एक पोस्ट. तीन, ब्लॉग फक्त सूचनाफलकासारखा ठेवायचा, म्हणजे अमुक अंकात कथा आलीय, तमुक ठिकाणी वाचन आहे, एवढंच. माझं मत विचाराल तर तिसरा प्रकार घ्या. महिन्याला एक पोस्ट हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि तेच सगळ्यात घातक आहे, कारण ती एक पोस्ट महिनाभर डोक्यात फिरत राहते आणि चांगला प्रसंग दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. पूर्ण बंद करायला हरकत नाही, पण काही लोक बंद करून दोन महिन्यांनी नव्या नावाने दुसरा ब्लॉग काढतात, तसले तुम्ही असाल तर सूचनाफलकच बरा.

आणि कादंबरीची प्रकरणं ब्लॉगवर क्रमशः टाकायची आयडिया मनात असेल तर ती आत्ताच काढून टाका. त्याची कारणं पुढे येतील.

बॅकअप घ्या

हे कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. ब्लॉगरवर असाल तर सेटिंग्जमध्ये खाली 'मॅनेज ब्लॉग' आहे, तिथे 'बॅक अप कंटेंट'. वर्डप्रेसवर 'टूल्स'मध्ये 'एक्स्पोर्ट'. दोन्हीकडून जी फाईल मिळते तिच्यात पोस्ट आणि कमेंट येतात, फोटो येत नाहीत, फोटोंचे फक्त पत्ते येतात, म्हणजे उद्या ब्लॉग उडाला तर फोटो गेले. म्हणून फोटो वेगळे उतरवा. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवर. ती फाईल साध्या डोळ्यांनी वाचायला किचकट असते, त्यामुळे तुमच्या आवडत्या वीस-तीस पोस्ट कॉपी करून एका साध्या डॉक्युमेंटमध्येही ठेवा, त्या पुढे लागणार आहेत.

डोमेन, कमेंट, जाहिराती

स्वतःचं डोमेन घेतलं असेल तर लिहिणं थांबवलं तरी त्याचे पैसे भरत राहा. सोडून दिलेलं डोमेन कुणीही उचलतं, आणि मग तुमच्या आजीवरच्या लेखाची लिंक उघडली की सट्ट्याची साइट येते. वर्षाला जे काय हजार-दीड हजार लागतात ते द्या, ऑटो रिन्यूअल लावा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला.

कमेंटला मॉडरेशन लावा, म्हणजे तुम्ही मंजूर केल्याशिवाय कमेंट दिसणार नाही, नाहीतर सहा महिन्यांत खाली सगळं कर्जवाल्यांचं आणि गोळ्यावाल्यांचं रान माजतं. अॅडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिराती, असेल तर खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत, त्यामुळे ८०-९० वर अडकलेलं असेल तर जाहिराती राहू देत, जुन्या पोस्टवर हळूहळू भरेल. बाकी आकडे दाखवणारी सगळी अॅप फोनवरून काढून टाका. आज किती व्ह्यूज आले ते बघायची खाज पहिले दोन आठवडे येते, मग जाते.

ईमेलवर वाचणारे लोक असतील तर त्यांची यादी उतरवून घ्या. गूगलने २०२१ मध्ये फीडबर्नरची ईमेल सेवा बंद केली तेव्हा ज्यांनी यादी काढून ठेवली नव्हती त्यांचे कितीतरी जुने वाचक असेच हरवले. पुढे पुस्तक आलं तर ही यादी तुमच्या सगळ्या व्ह्यूजपेक्षा कामाची आहे.

निरोपाची पोस्ट छोटी ठेवा

चार ओळी पुरे. नवीन लेखन काही काळ येणार नाही, जुनं सगळं इथेच आहे, काही असलं तर कळवेन, ईमेल इथे द्या. बस. "कादंबरी लिहायला घेतोय" हे लिहू नका. एकदा का ते जाहीर केलं की शुभेच्छांचा पाऊस पडतो, वा वा होते, आणि न लिहिलेल्या कादंबरीचं कौतुक आधीच पदरात पडतं. वर पुढचं वर्षभर लग्नाकार्यात जो भेटेल तो विचारतो, कुठवर आली कादंबरी. घरच्यांना सांगा, कारण त्यांनी दार वाजवू नये म्हणून सांगावंच लागतं, बाकी कुणाला कशाला.

जुन्या पोस्ट चाळा, पण विचार उचलू नका

आता तो वीस-तीस पोस्टचा गठ्ठा काढा. प्रिंट काढलीत तर उत्तम. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पोस्टमधून तीनच गोष्टी टिपा, माणूस कोण, जागा कुठली आणि त्या माणसाचं काय अडलेलं होतं. तुमचं मत, निष्कर्ष, शेवटचा परिच्छेद, हे सगळं सोडून द्या. बऱ्याच पोस्टमध्ये तिसरा रकाना रिकामा राहील, कारण ब्लॉगमध्ये अडलेलं बहुतेक वेळा आपलं स्वतःचं असतं, समोरच्याचं काय अडलं होतं ते आपण विचारलेलंच नसतं. रकाना रिकामा राहिला की ती पोस्ट बाजूला. ज्या पाच-सहा उरतील त्या ठेवा.

खरी माणसं असतील तर नुसतं नाव बदलून भागत नाही. "सातारची सुमनकाकू" ची "कराडची कुसुमकाकू" केली तरी अख्ख्या खानदानाला कळतं. वय बदला, धंदा बदला, जमलं तर बाईचा पुरुष करा, दोन माणसांचं एक करा. भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हासुद्धा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, पण खरं सांगायचं तर कोर्टाच्या आधी काकू बोलायच्या बंद होतात. आणि बदल केल्याने कथेचाही फायदाच होतो, कारण "पण खरं तर असं घडलं होतं" या हट्टातून तुम्ही सुटता.

पोस्टचा प्रसंग करायचा, इथे खरा वेळ द्या

बाकीच्या पायऱ्या घाईत उरकल्या तरी चालतील, ही नाही.

समजा जुनी पोस्ट आहे पुण्यातल्या पेठेतला वाडा पाडला त्याबद्दल. त्यात असं काहीतरी असणार: "वाडा पडला आणि आत्या एकदम म्हातारी झाली. काही माणसांची मुळं भिंतींत असतात. विकास हवाच, पण कुणाच्या किमतीवर?" पोस्ट म्हणून चालेल, शंभर लोक शेअर करतील. कथा म्हणून यातलं एकही वाक्य कामाचं नाही, कारण आत्या यात कुठे दिसतच नाही, दिसतोय तो लिहिणारा.

आता तेच असं बघा. "नव्या भाड्याच्या फ्लॅटला चोवीस तास पाणी होतं. तरी आत्या पावणेपाचला उठली. बादली, दोन कळश्या आणि पिंप भरून ठेवलं. मग नळ बंद केला, आणि थोड्या वेळाने परत सोडून बघितला. पाणी आलं." इथे म्हातारी, मुळं, विकास, किंमत यातला एक शब्द नाही. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. तुम्हाला लगेच पुढे एक वाक्य जोडावंसं वाटेल, "सवय माणसाला सोडत नाही" वगैरे. जोडू नका. जोडलंच तर दुसऱ्या दिवशी खोडा, रोज खोडत गेलात की महिन्याभरात हात थांबायला लागतो.

पण एवढ्याने कथा होत नाही, हे झालं नुसतं चित्र. कथेला आत्याला काहीतरी हवं असायला लागतं आणि ते मिळण्यात अडचण लागते. मोठं काही नको. वाड्याच्या मागच्या अंगणातलं दगडी तुळशीवृंदावन तिला हवंय. बिल्डरचा सुपरवायझर म्हणतोय, "आजी, सामान काढायची तारीख गेली आता, आत सोडता येणार नाही." झालं, आता आत्या काय करते ते बघायला वाचणारा थांबेल.

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे 'मी'. ब्लॉगमधला मी नेहमी शहाणा असतो, संवेदनशील असतो, त्याला सगळं उमगतं. कथेत हा मी फार कंटाळवाणा होतो. म्हणून निवेदक भाचा ठेवलात तर त्याचाही काही स्वार्थ ठेवा. बिल्डरच्या अॅग्रीमेंटवर आत्याची सही यानेच घेतलीय, कारण पुढेमागे तो फ्लॅट आपल्याला मिळेल हे त्याला माहितेय. आता हाच भाचा तिला वृंदावनासाठी घेऊन चाललाय. तो गाडीत काय बोलेल? काय बोलायचं टाळेल? बघा, पोस्टपासून किती लांब आलो. आणि भाचा वाईट आहे असं कुठेही लिहायचं नाही, त्याच्याच तोंडून त्याची बाजू येऊ द्या, त्याला होम लोनचे हप्तेही असू देत.

संवादाचं वेगळं सांगतो. ब्लॉगवर आपण संवाद चुटक्यासारखे लिहितो, एकाने विचारलं, दुसऱ्याने टोला मारला. खऱ्या घरात लोक प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, भलतंच बोलतात. "सही कुणी घ्यायला लावली?" याला "चहा ठेवू का?" हे उत्तर असू शकतं. आपल्या भाषेत अजून एक फुकटची सोय आहे, तू आणि तुम्ही. अख्खी कथा भाच्याला 'अरे' म्हणणारी आत्या एका प्रसंगात "तुम्ही सांगाल तसं" म्हणाली की वेगळं स्पष्टीकरण द्यावंच लागत नाही. बोलीचं मात्र जपून. नागपूरकडचं किंवा मालवणी कानावर नसेल तर उगाच चार शब्द पेरू नका, तिकडचा माणूस पहिल्या ओळीत पकडतो.

काळाकडेही लक्ष द्या. ब्लॉगवर "मी जातो, बघतो तर काय, हा बसलेला" असं चालतं. पंधरा पानांच्या कथेत ते दमवतं, साधा भूतकाळ बरा.

असे दोन-तीन जुन्या पोस्टचे प्रसंग करून बघा, प्रत्येकी पाचशे-सहाशे शब्दांचे. हे कुठे पाठवायचे नाहीत. हात बसेपर्यंत लगेच कादंबरीला भिडू नका, एक पूर्ण कथा आधी.

रोजचा वेळ आणि शब्द

ब्लॉग जेव्हा लिहायचात तीच वेळ ठेवा, शरीराला तिची सवय आहे. आकडा छोटा ठेवा. १९९९ साली अमेरिकेत एका महिन्यात ५०,००० शब्द लिहायचा उपक्रम सुरू झाला होता, नॅनोरायमो म्हणून, पुढे तो दर नोव्हेंबरमध्ये व्हायचा, ती संस्था २०२५ मध्ये बंद पडली, पण "रोज १,६६७ शब्द" हा त्यांचा हिशोब अजून लोक एकमेकांच्या तोंडावर फेकतात. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे दिवाळी नाहीतर लग्नसराई, कोण लिहितंय. त्यापेक्षा रोज ३००, आठवड्यातले पाच दिवस. चाळीस आठवड्यांत ६०,००० होतात, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरी, आणि बारा आठवडे आजारपण, परीक्षा, पाहुण्यांना सोडले तरी.

पोस्ट आपण एका बैठकीत संपवतो, कथा तशी संपत नाही आणि अर्धवट सोडून उठायचं हे ब्लॉगवाल्यांना फार जड जातं. म्हणून उठताना पुढचं एक वाक्य अर्धं लिहून ठेवा किंवा वहीत टिपा, "उद्या, सुपरवायझर फोन लावतो", म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येत नाही. टायपिंगने बोटं दुखत असतील तर गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे, संवादांना ते चांगलं चालतं, विरामचिन्हं मात्र नंतर घालत बसावी लागतात.

मधेच एखाद्या बातमीवर लिहावंसं वाटेल, अगदी उकळी फुटेल. तर लिहा, पण फाईलमध्ये. पब्लिश करायचं नाही, पंधरा दिवसांनी वाचून बघायचं.

पहिले वाचक

ब्लॉगचे फॅन नकोत, ते तुमच्यावर प्रेम करतात. दोन-तीन जण पुरेत, शक्यतो कथा-कादंबऱ्या भरपूर वाचणारे आणि तोंडावर बोलणारे. "कशी वाटली" विचारू नका, "छान" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा की वाचताना कुठे थांबलात, कुणाचा राग आला, शेवट कुठल्या पानावर कळला, कुठलं पान उलटून टाकलंत. आणि ते बोलत असताना समजावून द्यायला जाऊ नका की "अहो तिथे मला असं म्हणायचं होतं".

प्रतिलिपीसारख्या अॅपवर टाकून बघू का, असं बरेच जण विचारतात. वाचक भरपूर मिळतात, मालिका लिहायची असेल तर ती जागा चांगलीच आहे. पण आत्ता तुम्ही ज्या सवयीतून बाहेर पडताय तीच तिथे परत लागते, रोजचा भाग, रोजचे स्टार, आणि वाचक म्हणतात म्हणून मेलेला हिरो जिवंत होतो. निदान पहिलं वर्ष लांब राहा.

अंकाला पाठवणं

मराठीत कथेची सगळ्यात मोठी बाजारपेठ अजूनही दिवाळी अंकच. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथपासून ही परंपरा चालू आहे. दिवाळीच्या अंकाचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, जून-जुलैपर्यंत कथा संपादकाकडे गेलेली बरी, गणपतीत पाठवलीत तर बहुतेक पानं लागलेली असतात. म्हणजे जानेवारीत ब्लॉग थांबवलात तर मे अखेर एक कथा खरडून, खोडून, परत लिहून तयार व्हायला हवी. तीन-चार हजार शब्दांची कथा अंकात नीट बसते, नवीन माणसाची दहा हजारांची दीर्घकथा कुणी सहसा घेत नाही.

पाठवायच्या आधी ज्यांना पाठवायचंय असे चार-पाच अंक विकत घेऊन किंवा लायब्ररीतून आणून वाचा, विनोदी अंकाला आत्याची कथा पाठवून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी साहित्य अप्रकाशित हवं असतं आणि ब्लॉगवर टाकलेलं म्हणजे प्रकाशित झालेलं असंच धरतात. क्रमशः टाकू नका म्हणालो ते एक यासाठी, आणि दुसरं म्हणजे चौथ्या प्रकरणाला आलेल्या कमेंटमुळे पाचवं प्रकरण वाकडं होतं. जुन्या पोस्टमधला प्रसंग कथेत घेतलात तर तो पूर्ण नव्याने लिहिलेला असू दे, आणि ती पोस्ट फारच जवळची वाटत असेल तर ड्राफ्टमध्ये टाकून ठेवा.

युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाईल आणि सोबत पीडीएफ, पानावर नंबर, शेवटी नाव, पत्ता, फोन. काही ठिकाणी मजकूर अजूनही जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करतात, तेव्हा 'दुसऱ्या', 'कोऱ्या' मधला तो ऱ्य हमखास तुटतो, म्हणून प्रुफं बघायला मिळतील का हे नम्रपणे विचारा. ईमेलमध्ये तीन ओळी लिहा, कथेचा सारांश आणि आशय नको. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, हे जग छोटं आहे आणि एकच कथा दोन अंकांत आली तर दोन्ही दारं बंद होतात. उत्तर आलं नाही तर महिना-दीड महिन्याने एकदा विचारा आणि मग दुसरीकडे पाठवतोय असं कळवून मोकळे व्हा. मानधनाचं विचारायला लाजू नका, कमी मिळेल, कधी फक्त अंक मिळेल, पण विचारा.

हक्क आणि पुस्तक

लिहिलं की कॉपीराइट तुमचाच होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. त्यामुळे "सर्व हक्क कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत" असं वाक्य दिसलं तर सही करायच्या आधी थांबा, ऑडिओ, ई-बुक, वेबसिरीज सगळं त्यात जातं.

सात-आठ कथा झाल्या की संग्रहाचं बघता येईल. स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढायची ऑफर सगळ्यात आधी येईल, पन्नास-साठ हजार द्या, तीनशे प्रती घ्या. मी तरी म्हणेन घाई नको. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, त्यात कथा आणि कादंबरी दोन्ही बसतात, जाहिरात आली की अर्ज करा, वेळ लागतो पण खिसा कापला जात नाही. स्वतःच काढायचं ठरवलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. किंडलवर मराठी ई-बुक तुमचं तुम्ही चढवू शकता.

सहा महिन्यांनी एकदा हिशोब

एक कथा पूर्ण झाली असेल, चांगली वाईट कशीही, तर ब्लॉग बंदच राहू दे. एकही झाली नसेल आणि फाईलमध्ये मात्र पंधरा लेख साठले असतील तर कदाचित तुम्ही ललितलेख लिहिणारे आहात, त्यात कमीपणा काही नाही, आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे, ब्लॉग परत सुरू करा आणि त्या लेखांचं पुस्तक करायला घ्या.

कथा अंकात आली तर त्या दिवशी तो सूचनाफलक वापरायचा. अंकाचं नाव, कथेचं नाव, अंक कुठे मिळेल, एवढंच टाका. पूर्ण कथा ब्लॉगवर कधी टाकता येईल ते संपादकांना विचारून घ्या, पुढची दिवाळी उलटली की बहुतेक जण हो म्हणतात.